सेवा कुणी करायची?

शुक नदीचं पाणी खारेपाटणच्या बाजारपेठेत शिरतं, तेव्हा दुकानातला माल माळ्यावर चढवायला जो मोकळा असेल तो धावतो. पाणी ओसरलं की फळ्या धुवायच्या, फावड्यानं चिखल ओढायचा. दुकानदार, त्याचा गडी, शाळेतली पोरं, सगळी एकाच चिखलात उभी असतात. मजुरी कुणी मागत नाही. मागावी असं मनातही येत नाही, कारण त्या कामावर कुणीच काही कमवत नसतं. सेवा हा शब्द मी तिथे शिकले.

उपयोजित कला शिकायला मुंबईला आले आणि त्याच शब्दाचा दुसरा वापर पाहिला. दुसऱ्या वर्षात असताना एका सेवाभावी संस्थेनं बोलावलं. पाड्यांवरच्या मुलींच्या शिक्षणाचं काम होतं आणि ते खरं होतं. पाहून आले त्या रात्री मला झोप लागली नाही. मी बोधचिन्ह करून दिलं. मग लेटरहेड आलं, माहितीपत्रक आलं, चाळीस पानांचा वार्षिक अहवाल आला. सबमिशनच्या आठवड्यात रात्री साडेअकराला फोन यायचा, "अध्यक्षांचा फोटो जरा मोठा घे." वर्धापनदिनाला मांडववाला, ध्वनिक्षेपकवाला, जेवणाचा कंत्राटदार आणि फ्लेक्स छापणारा बिलं घेऊन आले. त्यांना पैसे मिळाले, मिळायलाच हवे होते. मला पुष्पगुच्छ आणि प्रमाणपत्र मिळालं. "ओपन फाईल देऊन ठेव," असंही सांगितलं. पुढच्या वर्षी तीच मांडणी दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडून रंग बदलून घेतली. त्यालाही फुकटच.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मांडववालो पैसे घेता मा? मगे तू कित्याक नाय घेतलंस?"

"समाजाचं काम आहे गं," मी म्हटलं. म्हणता म्हणताच लक्षात आलं, मांडवही समाजाच्याच कामासाठी घातला होता.

ती माणसं वाईट नव्हती. म्हणूनच हे लिहिते आहे. वाईट माणसानं लुबाडलं तर त्याला नाव तरी ठेवता येतं. इथे भली माणसं, भल्या कामासाठी, शिकणाऱ्या मुलांचे महिनेच्या महिने घेतात आणि त्यात काही चुकतंय असं एकालाही वाटत नाही. हे त्यांना शिकवलं कुणी? आपण. कला म्हणजे आवड, आवडीचे पैसे कसले, हे आपल्या घरातलं वाक्य आहे. देणगी देताना आपला हट्ट असतो की माझा रुपया थेट मुलीच्या वहीपर्यंत पोचावा, मध्ये कुणाच्या मेहनतान्यात जाऊ नये. २०१३च्या कंपनी कायद्याचं १३५वं कलम मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्याला द्यायला सांगतं. त्या पैशांसाठी केलेली जी अंदाजपत्रकं मी पाहिली त्यांत छपाईचा खर्च होता, छापायचं काय ते ठरवणाऱ्याचा नव्हता.

आणि फुकट काम परवडतं कुणाला? माझ्या वर्गात ते आनंदानं करणाऱ्या मुली होत्या. त्यांचं घर मुंबईत होतं, लॅपटॉप वडिलांनी घेऊन दिला होता. कोकणातून आलेल्या पोरीला खोलीचं भाडं, खानावळ, रंग, प्रिंटआउट यांची तोंडमिळवणी करायची असते. 'अनुभव मिळेल' म्हणतात, तो अनुभव मग ज्यांच्या घरी सगळं आधीच आहे त्यांच्याच पदरात पडतो.

दुसऱ्याचे कष्ट दानात घालायची रीत जुनी आहे. आमच्या गावाच्या, खारेपाटणच्या, नावानं एक ताम्रपट प्रसिद्ध आहे, शके ९३०चा, म्हणजे इसवी सन १००८चा. शिलाहार रट्टराजानं अव्वेश्वराच्या देवळाला त्यात तीन गावं दिली. त्यांच्या उत्पन्नातून पूजा व्हावी, देवळाची डागडुजी व्हावी, तपस्व्यांना अन्नवस्त्र मिळावं, विद्यार्थ्यांचीही सोय व्हावी. त्याच दानात तेल्याचं, माळ्याचं, कुंभाराचं, परटाचं कुटुंबही देवळाला लावून दिलं आहे. पुण्य राजाचं, हात त्यांचे. विद्यार्थी निदान घेणाऱ्यांच्या पंगतीत होता. हजार वर्षांनी आपण त्याला तिथून उठवलं आणि तेल्या-कुंभाराशेजारी, देऊन टाकलेल्यांत नेऊन बसवलं.

खारेपाटण ज्या कणकवली तालुक्यात आहे, तिथेच गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली गोपुरी आश्रम उभारला. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात, मला भंगीकाम करू द्या म्हणून त्यांनी उपास केला होता. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी त्यांच्यासाठी अन्न सोडलं. मैला त्यांनी स्वतः उचलला, मेलेल्या गुरांची कातडी स्वतः सोलली. सेवा करणारा ती आपल्या अंगावर घेतो. दुसऱ्याच्या रात्री घेऊन त्यांना सेवा म्हणायचं, हे अप्पासाहेबांच्या तालुक्यात तरी मान्य होऊ नये.

मी आजही संस्थांची कामं करते, काही बिनपैशांची. पण आधी पूर्ण बिल करते: बोधचिन्ह इतके, अहवाल पानामागे इतके, तिसऱ्या दुरुस्तीनंतर जादा. त्याखाली 'देणगी' असं लिहून सही करते आणि सांगते, तुमच्या अहवालात देणगीदारांची यादी छापाल तिथे माझं नाव या रकमेसह घाला. दोन संस्थांनी घातलं. एका संस्थेच्या सचिवांनी बिल बराच वेळ वाचलं, आणि माझ्याआधी ज्या मुलानं त्यांचं काम केलं होतं त्याचा नंबर त्यांनी कार्यालयात शोधायला सांगितला.