तासापुरते प्राध्यापक

मार्च २०२०मध्ये महाविद्यालये बंद झाली. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचे वर्ग मोबाइलच्या पडद्यावर आले.

नेट, सेट, पीएचडी झालेली ही मंडळी ऑनलाइन शिकवण्यात रमली, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. लोकलचा प्रवास वाचला. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलगी रात्री व्हॉट्सअॅपवर नेमका प्रश्न विचारायची, तेव्हा शिकवल्याचे सार्थक व्हायचे. पण त्या उत्तराचे मानधन नाही. स्लाइड बनवणे, ध्वनिमुद्रण, स्वाध्याय तपासणे यांचेही नाही. पैसे फक्त घेतलेल्या तासाचे, तेही अनेकदा महिनोन्‌महिने रखडलेले. सुट्टीत तर तेही बंद.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये ठरवले. महाराष्ट्राचे दर त्याहून कमीच राहिले. कामातला आनंद खरा आहे, पण त्याच्या भरवशावर माणसाला अर्धपोटी राबवणे आम्हाला मान्य नाही. पडद्याबाहेरचे तासही मोजा, मानधन दरमहा द्या आणि रिक्त पदे भरा.