छातीतली कळ आणि रक्ताची तपासणी : कागदावरचा नियम खाटेपर्यंत यावा



ऊस विकास अधिकाऱ्याने दवाखान्याच्या कारभारावर लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण पहाटेच्या थंडीत फडात उतरणारा तोडणी कामगार, रात्रीच्या पाळीने पाणी देणारा सभासद आणि गव्हाणीपाशी उभा राहणारा कामगार ही सारी आपलीच माणसे आहेत. छातीत दाबल्यासारखे झाले, हाताला कळ गेली, दरदरून घाम सुटला की आपल्याकडे पहिले औषध ठरलेले : "गॅस धरला, सोडा घे." दुसरे म्हणजे जवळच्या दवाखान्यात एकदा रक्त द्यायचे आणि 'रिपोर्ट नॉर्मल' ऐकून घरी यायचे. या दुसऱ्याबद्दलच आम्हांला बोलायचे आहे.

हृदयाच्या स्नायूला इजा झाली की त्यातले ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते. २००० साली युरोप व अमेरिकेतील हृदयरोग संघटनांनी मिळून निदानात या तपासणीला पुढचे स्थान दिले. मात्र ट्रोपोनिन वाढायला काही तास लागतात. कळ येऊन तासभरच झाला असेल तर साध्या किटवर ते दिसणारही नाही. उलट मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात झटका नसतानाही ते वाढलेले असू शकते. म्हणून २०१८ च्या जागतिक व्याख्येत नुसत्या एका आकड्याला झटका म्हटलेले नाही. आकड्यात चढ किंवा उतार दिसला पाहिजे आणि जोडीला लक्षणे, ईसीजी असा दुसरा पुरावाही पाहिजे. अमेरिकेतील २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे फेरतपासणी अतिसूक्ष्म पद्धतीत १ ते ३ तासांनी आणि जुन्या पद्धतीत ३ ते ६ तासांनी करायची असते.

आपल्याला हे नवे नाही. फडात ब्रिक्स घेताना आपण एका कांडीवरून तोड देत नाही. बुडखा पाहतो, शेंडा पाहतो आणि काही दिवसांनी पुन्हा पाहतो. उसाला दोनदा पाहायचे आणि माणसाला एकदाच, हा कुठला न्याय?

आता कोणी म्हणेल, सूचना तर छापून आल्या आहेत, मग अडते कुठे? अडते ते अंमलात. को ८६०३२ या वाणाची शिफारस झाली म्हणून तो दुसऱ्या दिवशी शेतात उभा राहिला नाही. बेणेमळे करावे लागले, बेणे पुरवावे लागले, गटागटात बैठका घ्याव्या लागल्या. दवाखान्याचेही तसेच आहे. रात्रपाळीची परिचारिका, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ आणि नवखा डॉक्टर या तिघांच्या हाती एकच तक्ता नसेल, तर सूचना कपाटातच राहते.

केरळात २०१४ ते २०१६ या काळात ६३ रुग्णालयांत याच धर्तीचा मोठा प्रयोग झाला. हृदयविकाराच्या २१ हजारांहून अधिक रुग्णांसाठी तपासणी-याद्या व ठरीव आदेश लागू केले. उपचारांत काही सुधारणा झाली, पण महिनाभरातले मृत्यू व मोठे धोके घटल्याचे खात्रीने सिद्ध झाले नाही. स्कॉटलंडमध्ये १० रुग्णालयांत अतिसूक्ष्म तपासणी आणली. तिने जास्त रुग्ण ओळखले, तरी वर्षभरातले पुढचे झटके व हृदयविकाराचे मृत्यू कमी झाले नाहीत. यावरून नियम नकोत असे कोणी समजू नये. आमच्या मते धडा असा की, नुसते यंत्र किंवा नुसता कागद पुरत नाही. आकडा हाती आल्यावर पुढे काय करायचे, हेही ठरलेले हवे.

"डॉक्टरांचा अनुभव मोठा, त्याला नियमाची गरज काय?" असेही विचारले जाते. अनुभव मोठाच. पण अनुभवी डॉक्टर रात्री दोन वाजता हजर असतीलच असे नाही. त्या वेळी नियमच उभा असतो.

म्हणून संचालक मंडळाला आमची नम्र सूचना आहे. हंगामापूर्वी कारखाना ज्या दवाखान्यांशी बोलणी करतो, त्यांना चार प्रश्न लेखी विचारावेत. रुग्ण आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघतो का? ट्रोपोनिन दोनदा करता का, आणि कळ सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवता का? ईसीजीत मोठा झटका स्पष्ट दिसला तर रक्ताच्या रिपोर्टसाठी न थांबता उपचार सुरू होतो का? आणि पुढे पाठवायचे तर कुठे, हे आधीच ठरले आहे का? बुटीबोरीहून वर्धा रोडने मिहानमधील एम्स व पुढे नागपूरचे मेडिकल गाठता येते. पण एका दारातून दुसऱ्या दारी फिरवण्यात गेलेला तास परत येत नाही.

सभासदांनीही एवढे करावे. कळ किती वाजता आली ते लक्षात ठेवा, १०८ ला फोन करा, मोटारसायकलवर मधे बसवून माणूस नेऊ नका. रेशनकार्ड व आधार हाताशी ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे. आणि पहिला रिपोर्ट चांगला आला तरी डॉक्टरांना न संकोचता विचारा, "साहेब, दुसरा कधी करायचा?"

उसाचा काटा बरोबर असावा म्हणून आपण भांडतो. माणसाच्या तपासणीचा काटाही बरोबर असावा, एवढेच मागणे.