खांदा शेकण्याचा धर्म

आज पिठोरी अमावास्या, पोळ्याचा सण. काल सायंकाळी विदर्भातील गावोगावी खांदशेकणी झाली. वर्षभर ज्या खांद्याने जू वाहिले, त्याला हळद-तूप लावून शेकण्यात आले आणि बैलाला आजच्या भोजनाचे आवतण देण्यात आले. आज त्याला नांगर नाही, गाडी नाही, आसूड नाही. राबणाऱ्याचा खांदा दुखतो आणि तो शेकणे हे राबवून घेणाऱ्याचे कर्तव्य आहे, ही गोष्ट आमच्या शेतकऱ्याने कोणत्याही ग्रंथाचा आधार न मागता मान्य केली.

हा धर्म बैलापुरता आठवावा आणि माणसापुरता विसरावा, याचे वैषम्य वाटते. कीर्तन आटोपल्यावर बुक्का लावून घेण्यास येणाऱ्यांत अलीकडे तरुण नोकरदार पुष्कळ असतात. नागपुरातील एका खाजगी कंपनीत काम करणारा असाच एक मुलगा मंडप रिकामा होईपर्यंत थांबला आणि म्हणाला, "बुवा, सात वर्षे झाली. ज्याला मी काम शिकवले, तो आज माझा साहेब आहे. रात्री अकरालाही फोन येतो. तक्रार केली, तर ऐकवतात, कर्म करा, फळाची आशा धरू नका. गीतेत खरोखर असेच सांगितले आहे का?"

नाही, असे सांगितलेले नाही. दुसऱ्या अध्यायातील तो उपदेश कर्म करणाऱ्याच्या अंतःकरणाला उद्देशून आहे. दुसऱ्याच्या श्रमाचे फळ दडपून ठेवण्याची ती सनद नव्हे. उलट, ज्यांच्यापासून आपल्याला मिळाले त्यांना त्यांचा भाग न देता जो उपभोग घेतो तो चोरच होय, असे तिसऱ्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे. सहाव्या अध्यायात तर आहार, विहार, निद्रा आणि काम ही सारी बेताची असतील, त्याचाच योग दुःख हरण करतो, असे सांगितले आहे. रात्रीची झोप हिरावून घेणाऱ्याने गीतेचा आधार घेऊ नये.

हा प्रश्न केवळ मनस्तापाचा नाही. जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका २६ वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचे निधन झाले. नोकरी लागून अवघे चार महिने झाले होते. लेकीवर पडलेल्या कामाच्या भाराविषयी तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखास लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. ज्या घरात अशी मुले रात्री उशिरा परततात, त्या घरातील वडीलधाऱ्यांनी ते पत्र विसरू नये.

खांदा शेकणारे मालक या नगरीने पाहिले नाहीत, असे मात्र नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी येथे सुरू झाली. आरंभी कामगारांची गैरहजेरी मोठी होती. परंतु केवळ दंडाचा बडगा न उगारता त्यांनी कामगाराला गिरणी आपली वाटावी असे उपाय योजले. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ मध्ये अपघाताच्या भरपाईची सोय झाली. अशा भरपाईचा कायदा देशात आला तो १९२३ मध्ये! पुढे काळ पालटला. १९८६ मध्ये गिरणी राज्य शासनाच्या महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. त्या गिरणीकडून मालकाने दया शिकावी आणि नोकराने सावधपण : जी संस्था शतकाहून अधिक काळ उभी होती तीही शाश्वत नव्हती; मग तिच्यातील एखादे पद म्हणजेच आपण, असे का मानावे?

येथून जवळच्या रामटेकच्या टेकडीलाच महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मेघदूतातील रामगिरी मानले. तेथला यक्ष तरी कोण? सेवेत चूक झाली म्हणून वर्षभरासाठी दूर धाडलेला नोकरच तो. कालिदासाने त्याला ‘विसरून जा’ असा उपदेश केला नाही. त्याचे ऐकणारा एक मेघ दिला. आणि यक्षालाही आपल्या शापाची मुदत पक्की ठाऊक आहे : आता चारच महिने उरले, असे तो पत्नीला कळवतो. दुःख बोलून दाखवावे आणि त्याला अंत आहे हे ध्यानी ठेवावे, एवढे त्या यक्षाकडून घेण्यासारखे आहे.

त्या मुलाला आम्ही इतकेच सांगितले : घरी मन मोकळे कर. आपले म्हणणे शांतपणे लिहून वरिष्ठांपुढे ठेव. पदोन्नती दहा जणांच्या हाती असते, चोख काम तुझ्या हाती आहे. आपली किंमत त्या दहा जणांकडे गहाण टाकू नकोस. आणि जू खांदाच कापू लागले, तर ते बदलण्यात अधर्म नाही.

उद्या नागपुरात मारबत निघेल. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. महागाई, बेकारी, भ्रष्टाचार अशा साऱ्या गाऱ्हाण्यांचे बडगे तिच्यासवे चालतील आणि रोगराई, इडापिडा घेऊन जा, असा पुकारा होईल. आमच्या पूर्वजांनी पीडा मनात कोंडली नाही आणि घरातही जाळली नाही; तिला नाव दिले, चव्हाट्यावर आणले आणि वेशीबाहेर नेले. कचेरीतला अपमान घरी आणून बायकामुलांवर काढणाऱ्याने आणि तो एकट्याने गिळणाऱ्यानेही हा लोकाचार डोळसपणे पाहावा.

आज बैलाला पुरणपोळीचा घास भरवताना, घरातला थकून आलेला जीव जेवला का, हेही विचारावे. खांदा त्याचाही दुखतो आहे.