पट्टा बदलला, पोर बदलले का?

परवा शेजारचे गृहस्थ मुलाचा नवा पिवळा पट्टा दाखवायला आले. "आता तरी शिस्त लागतली ताका," म्हणाले. तेवढ्यात चिरंजीवांनी अंगणात झोपलेल्या आमच्या कुत्र्याला लाथ हाणून आपली प्रगती दाखवली. बाप कौतुकाने हसला. मला हसू आले नाही.

कराटे-ज्युदोच्या वर्गाला घातले की मूल सुधारते, हा समज आज गोव्यात गावोगाव आहे. मी म्हणतो, हे अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्य घातक असते.

१९८६ साली ट्रल्सन नावाच्या अमेरिकन संशोधकाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. गुन्हेगारीकडे झुकलेल्या किशोरांचे त्याने तीन गट केले. एका गटाला ध्यान आणि तत्त्वविचारासह पारंपरिक तायक्वांदो शिकवले, दुसऱ्याला नुसत्या लाथाबुक्क्या, आणि तिसऱ्याला धावणे, बास्केटबॉल असे साधे खेळ. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची आक्रमकता घटली. दुसऱ्याची चक्क वाढली! प्रयोग लहान होता, मान्य. पण लाथ तीच असून फळ उलटे का, याचा विचार नको का करायला?

ज्युदोचा जनक जिगोरो कानो हा हाडाचा शिक्षक. १८८२ साली टोकियोतल्या एका देवळात त्याने कोदोकान सुरू केले. जुन्या जुजुत्सुतले घातक डाव मोकळ्या सरावातून वगळले. शक्तीचा उत्तम वापर आणि आपले व दुसऱ्याचे मिळून हित, ही त्याची दोन तत्त्वे. ती भिंतीवर टांगण्यासाठी नव्हती. ज्युदोत पाडायच्या आधी पडायला शिकवतात. जोडीदार आपले अंग तुमच्या हवाली करतो. त्याला जपले नाही तर उद्या सराव कोणाबरोबर करणार? ही समज भाषणाने येत नाही, शेकडो वेळा पडून येते. स्वभाव बदलतो तो इथे.

आणि आपल्याकडे? तीन महिन्यांनी परीक्षा, परीक्षेचे शुल्क, नवा रंग, वर्तमानपत्रात फोटो. चुकलेल्या पोराच्या कानफटात देणारा प्रशिक्षक मी डोळ्यांनी पाहिला आहे. पोरे त्याची व्याख्याने विसरतील, ती कानफटीत विसरणार नाहीत. घरी जाऊन धाकट्या भावावर तिचाच सराव करतील.

प्रशिक्षक म्हणतात, "पालकांनाच पट्टा हवा असतो, आम्ही काय करणार?" हेही खोटे नाही. जी शिस्त घरात लावायची ती महिन्याच्या फीत विकत मिळेल, असे वाटणारे आपणच!

तेव्हा पालकहो, पैसे भरण्यापूर्वी एक तास वर्गात बसा. पडलेल्याला हात देऊन कोण उठवतो ते पाहा. सगळ्यात दुबळ्या पोराशी गुरुजी कसे वागतात ते पाहा. तिथे आदर दिसला तर मूल खुशाल घाला, पट्टा दहा वर्षे पांढरा राहिला तरी चालेल. नाही दिसला, तर त्याला सरळ मैदानावर फुटबॉल खेळायला सोडा.