लेझीम फक्त जयंतीपुरतीच का?

चौदा एप्रिल जवळ आला की आमच्या बुलडाणा जिल्ह्यात, चिखली-मेहकरपासून जळगाव जामोदपर्यंत, वस्त्यावस्त्यांत संध्याकाळी लेझमीचा खणखणाट सुरू होतो. पंधरा-वीस दिवस पोरं-पोरी घामाघूम होतात. मिरवणूक संपली की लेझमी पोत्यात आणि पोतं माळ्यावर!

वाचक बंधू-भगिनींनो, आमच्या हातून एक चूक झाली, ती सांगूनच पुढे लिहितो. मुलगी नववीत गेली आणि आम्ही तिचे पथकात जाणे बंद केले. "पोरगी मोठी झाली, लोकं काय म्हनतीन?" हे घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे आम्ही मान्य केले. अभ्यासाचे निमित्त होतेच. पण अभ्यास वाढला नाही, वाढली ती चिडचिड. जेवण अर्धवट, झोप उशिरा, बोलणे बंद. एके दिवशी ती आईला म्हणाली, "मले कोणीच नाही असं वाटते." घरात पाच माणसे असताना! आम्ही हादरलो. तिला पुन्हा पथकात पाठवले. एका दिवसात सारे बदलले नाही. पण महिन्याभरात ती घरी येऊन मैत्रिणींच्या गोष्टी सांगू लागली.

हे आमच्याच घरचे म्हणून सोडून द्यावे काय? स्वीडनमध्ये 13 ते 18 वर्षांच्या 112 मुलींचा अभ्यास झाला, तो 2013 साली प्रसिद्ध झाला. मन खचलेल्या, सतत ताणाखाली असलेल्या या मुली. त्यांपैकी सुमारे निम्म्या मुलींना आठवड्यातून दोनदा, 75 मिनिटे, आठ महिने नाचाचा वर्ग दिला. स्पर्धा नाही, बक्षीस नाही, निव्वळ आनंद. बाकीच्या मुलींच्या मानाने त्यांना आपली तब्येत अधिक सुधारल्याचे जाणवले आणि वर्ग संपल्यावरही अनेक महिने तो फरक टिकला.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्राझीलमधील 264 शाळकरी मुलामुलींना नाचवून पाहिले (2015). दम लागेपर्यंत नाचण्याचा फायदा वेगळा आणि सर्वांनी एका तालात नाचण्याचा वेगळा, असे दिसले. दोन्हींमुळे वेदना सोसण्याची ताकद वाढली, सोबत्यांविषयी आपुलकीही वाढली. आमच्या लेझमीत दम आणि ताल दोन्ही आहेत!

जागतिक आरोग्य संघटना सांगते की 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी. 2016 च्या आकडेवारीनुसार जगातील 11 ते 17 वयाच्या 81 टक्के मुलांना ती पुरेशी मिळत नव्हती. मुलींमध्ये हे प्रमाण 85 टक्के होते. अंगण कोणाचे बंद होते, हे वेगळे सांगायला नको.

मात्र डीजेपुढची मध्यरात्रीची धक्काबुक्की म्हणजे व्यायाम नव्हे. आणि लेझीम हे औषधही नव्हे. मूल दोन आठवडे उदास राहिले किंवा मरणाची भाषा बोलू लागले, तर थांबू नका. जिल्हा रुग्णालय गाठा किंवा 14416 या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर बोला. मराठीतही बोलता येते.

खर्च काय आहे? लेझमी आहेत, हलगी आहे, विहारापुढे जागा आहे. आठवड्यातून तीन संध्याकाळी एक तास, देखरेखीला दोन माता-भगिनी आणि मुलींना घरापर्यंत सोबत, एवढे केले तरी पुरे. या रविवारी माळ्यावरचे पोते खाली काढा. आणि मुलीला हाक मारायला विसरू नका.