पाचवी सुटली, फाईल मागंच राहिली. सीमाभागातल्या दिव्यांग मुलांचं पुढं काय?

वर्ष संपतं, टीसी हातात पडतो आणि गावच्या लोअर प्रायमरीतलं मूल सहावीसाठी दुसऱ्या शाळेत जातं. बहुतेक मुलं पंधरा-वीस दिवसांत रुळतात. पण ज्याला कमी ऐकू येतं, ज्याची वाचताना अक्षरं उलटसुलट होतात, जे स्वमग्न आहे किंवा ज्याला जिना चढता येत नाही, त्या मुलासाठी हा बदल अवघड असतो. अशी मुलं घरी बसण्याचा धोका इथंच वाढतो.

कायदा कमी पडतो, असं म्हणता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये 21 प्रकारचं अपंगत्व धरलेलं आहे. 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला वयाच्या 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क कलम 31 देतं. म्हणजे हक्क पाचवीला संपत नाही. मग अडतं कुठं? अडतं ते दोन शाळांच्या मधल्या जागेत. जुनी शाळा दाखला देऊन मोकळी होते, नवी शाळा नाव घालून घेते. मुलाला काय जमतं, कशानं ते बिथरतं, कुठं बसवलं की ऐकू येतं, हे सांगायची जबाबदारी कुणाचीच नसते.

एक बाई, मग सहा सर

खालच्या वर्गात एकच शिक्षक दिवसभर असतो. बाईंना पोरगं पाठ असतं. सहावीत तासागणिक शिक्षक बदलतो, वह्या वाढतात, फळ्यावरचं भराभर उतरवावं लागतं. शाळा लांब असली तर बसचा प्रवास आला. खानापूरच्या जंगलपट्टीत हा प्रवास सोपा नाही. सरकारनं दिव्यांग मुलांच्या वाहतुकीची सोय करावी, असं कलम 16 सांगतं. पण मागणीच गेली नाही तर सोय कोण करणार?

विशेष शिक्षकांचंही तेच. सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये प्राथमिकसाठी 10 विशेष गरजांच्या मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांसाठी 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण घालून दिलं. पदं निश्चित करून भरा, असं 2025 मध्ये राज्यांना पुन्हा बजावावं लागलं. सध्या बीआरसीतल्या विशेष शिक्षकाच्या वाट्याला तालुकाभरच्या शाळा येतात.

भाषेचं ओझं

सीमाभागाचा खरा वेगळेपणा इथं आहे. कर्नाटकातल्या मराठी शाळेतलं मूल मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तीन भाषा आणि दोन लिप्यांपेक्षा जास्त लिप्या सांभाळतं. 2015 च्या कायद्यानं कन्नड शिकणं सक्तीचं आहे. धडधाकट मुलाला ही श्रीमंती वाटेल. वाचन-अक्षमता किंवा श्रवणदोष असलेल्या मुलाला मात्र तो डोंगर होतो. अशा मुलांना दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट, जादा वेळ, लेखनिक अशा सवलती द्याव्यात, हे कलम 17 मध्ये स्पष्ट लिहिलंय. ही तरतूद कुठल्या भाषेच्या विरोधात नाही, ती मुलाच्या बाजूची आहे. तिचा संबंध सीमावादाशी जोडण्याचं कारण नाही.

गोव्यात अडचण दुसऱ्या तऱ्हेची. सरकारी प्राथमिक शाळा मुख्यतः मराठी-कोकणीतून चालतात आणि पाचवीपासून बहुतेक मुलं इंग्रजी माध्यमात जातात. म्हणजे शाळा आणि माध्यम एकाच जूनमध्ये बदलतं. मूल मागं पडलं की ‘इंग्रजी कच्चं आहे’ म्हणून सोडून दिलं जातं आणि खरा दोष झाकला जातो.

उलटंही होतं. फक्त भाषा न कळल्यामुळं मूल ‘स्लो’ ठरवलं जातं. म्हणून तपासणी मुलाच्या भाषेतच हवी. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं तयार केलेली ‘डाली’ ही डिस्लेक्सिया चाचणी हिंदी आणि इंग्रजीबरोबर मराठी व कन्नडमध्येही आहे. तपासणीला गेल्यावर पालकांनी ‘मराठीतून घ्या’ असा आग्रह धरायला हरकत नाही.

काय करता येईल?

पहिलं, यूडीआयडी कार्ड. ते देशभर चालतं. बेळगावचं मूल उद्या चंदगडला किंवा कोल्हापूरला गेलं तरी कार्ड तेच. वाचन-अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारण आठ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतं, म्हणजे तिसरी-चौथीतच हालचाल करायला हवी. सहावीच्या तोंडावर धावाधाव करून उपयोग नाही.

दुसरं, दाखल्यासोबत एक पानाची चिठ्ठी. मुलाला काय येतं, काय अडतं, कोणती मदत उपयोगी पडली, डॉक्टरांनी काय सांगितलं. वर्गशिक्षकांनी अर्ध्या तासात लिहावी. सीमाभागात ती मराठी आणि कन्नड दोन्हीत असावी, कारण वरच्या कचेऱ्यांत मराठी कागद तसाच पडून राहू शकतो.

तिसरं, सुट्टीपूर्वी मुलाला नवी शाळा दाखवणं: वर्ग, संडास, पाण्याचा नळ, बसथांबा. ओळखीची जागा असली की भीती निम्मी होते. नव्या शाळेनं एक शिक्षक त्या मुलाचा ‘आपला माणूस’ म्हणून नेमावा.

चौथं, सॅट्स आणि यू-डायसच्या नोंदीत दिव्यांगत्वाचा रकाना भरलाय का, हे मुख्याध्यापकांना विचारून घ्यावं. समग्र शिक्षा अभियानात अशा मुलामागं वर्षाला 3,500 रुपयांपर्यंत तरतूद आहे आणि मुलींना महिन्याला 200 रुपये, दहा महिने भत्ता. नोंद नसेल तर मूल हिशेबातच येत नाही.

यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. बेळगाव आणि चिक्कोडी या दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांच्या उपसंचालकांनी एक परिपत्रक काढून दाखल्यासोबत ही चिठ्ठी सक्तीची केली, तरी जूनमध्ये नव्या वर्गात बसलेलं मूल तिथल्या सरांना अनोळखी राहणार नाही. शाळा सुधारणा समितीच्या, म्हणजे एसडीएमसीच्या, पुढच्या बैठकीत हा विषय पालकांनीच काढावा. वर्ष संपायच्या आत काढला तर त्याचा उपयोग होईल.