घरचें आरोग्य : सकाळच्या शिंका

आमच्या एका वाचक भगिनींनीं विचारलें आहे कीं, त्यांच्या दहा वर्षांच्या मुलास अंथरुणांतून उठतांच दहा-पंधरा शिंका येतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतें, आणि शाळेची वेळ होईतों सर्व शांत होतें. सासूबाईंच्या सांगण्यावरून दहीं बंद केलें, त्यास वर्ष लोटलें. शिंका कायम आहेत. आतां मुलाचें खेळणेंही बंद करावें काय, अशी त्यांस चिंता पडली आहे.

आमच्या मतें ही सर्दी नव्हे. सर्दींत घसा दुखतो, कधीं ज्वर येतो आणि आठ-दहा दिवसांत ती ओसरते. येथें ज्वर नाहीं, नाक व डोळे खाजतात, स्राव पाण्यासारखा पातळ असतो, आणि क्रम महिनोन्‌महिने चालतो. निरुपद्रवी पदार्थास शत्रु समजून शरीर हिस्टमिन नांवाचें द्रव्य सोडतें, त्याचा हा सारा गोंधळ. व्हिएन्नाच्या फॉन पिर्के या डॉक्टरांनीं १९०६ सालीं शरीराच्या अशा बदललेल्या वृत्तीस 'अ‍ॅलर्जी' हें नांव दिलें.

शिंका सकाळींच कां, याचें उत्तर बहुधा गादींत सांपडतें. कातडीच्या गळालेल्या कणांवर जगणारे, डोळ्यांस न दिसणारे धूलिकीटक गादी-उशींत राहतात. त्यांच्या विष्ठेचे कण रात्रभर श्वासावाटे आंत जातात. आमच्या दमट कोंकणपट्टींत तर त्यांचें फारच फावतें. म्हणून चादरी व अभ्रे दर आठवड्यास कढत पाण्यांत धुवावे. केवळ उन्हांत टाकून भागत नाहीं. आजीबाईंची जुनी गोधडी मायेची खरी, पण तीही धुतलीच पाहिजे. गादी झटकतांना मुलगा खोलींत नसावा. भिंतीस ओल असल्यास बुरशीकडेही लक्ष द्यावें.

औषधांविषयीं थोडें स्पष्ट लिहितों. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्यांनीं शिंका थांबतात, परंतु मूल वर्गांत पेंगतें आणि मास्तर त्यास आळशी ठरवितात! सेटिरिझिनसारख्या नव्या गोळ्यांनीं झोंप कमी येते. मात्रा डॉक्टरांनींच ठरवावी. चोंदलेलें नाक क्षणांत मोकळें करणारे थेंब चार-पांच दिवसांहून अधिक घातल्यास नाक उलट अधिकच चोंदतें. याच्या उलट, स्टिरॉइडच्या फवाऱ्याचें नांव ऐकून पुष्कळ गृहिणी दचकतात. पण नाकांतील मात्रा अल्प असते, आणि तो नेमानें घेतल्यावर गुण यावयास कांहीं दिवस लागतात. दोन दिवसांत तो टाकून देणें व्यर्थ. जलनेती करावयाची तर पाणी उकळून निववलेलेंच घ्यावें, नळाचें कदापि नको.

एका गोष्टींत मात्र दिरंगाई नको. रात्रीं खोकला येणें, छातींत शिट्टीसारखा आवाज होणें किंवा धांवतांना धाप लागणें हीं दम्याचीं लक्षणें असूं शकतात. तीं दिसल्यास डॉक्टरांकडून छाती तपासून घ्यावी. आणि कांहीं खाल्ल्यावर वा माशी चावल्यावर ओठ-जीभ सुजून श्वास कोंडला, तर घरगुती उपाय न करितां तत्क्षणीं रुग्णालय गांठावें. तेथें अ‍ॅड्रिनॅलिनची सुई लागते.

छाती निर्दोष निघाल्यास मुलास खुशाल खेळूं द्यावें. दह्याविषयीं सासूबाईंची क्षमा मागून लिहितों : तें खाल्ल्यावर अंगावर गांधी उठत नसतील वा उलटी होत नसेल, तर उद्यांपासून वाटी पुन्हां पानांत येऊं द्यावी.